आधी बैल मोज, मग माणसं

तुझ्या कथेतल्या काल्पनिक राज्याचा नकाशा पाहिला. राज्य साधारण पुणे जिल्ह्याएवढं, म्हणजे 15,600 चौरस किलोमीटर, आणि राजधानीत 20 लाख लोक? अरे, त्यांना जेवायला कोण घालणार?

आजच्या आकड्यांवर जाऊ नकोस. 2011 साली जिल्ह्यात 94 लाख लोक होते, पण त्यामागे धरणं, खतं, रेल्वे आहे. तुझ्याकडे नांगर आणि पाऊस. चौरस किलोमीटरला सरासरी 30 माणसं धर, झाले पावणेपाच लाख. तीही सारखी पसरू नकोस. मुळशीचं रान आणि नदीकाठची काळी जमीन एका मापाने कशी मोजशील?

1901 मध्येसुद्धा भारतात शंभरातले जेमतेम 11 जण शहरात राहत. म्हणजे तुझ्या सगळ्या शहरांत मिळून पन्नासेक हजार. राजधानीला त्यातले 20-25 हजार दे, खूप झाले.

पटत नसेल तर धान्य मोज. माणशी वर्षाला 200 किलो. 25 हजार लोकांना 50 लाख किलो. लमाणांच्या बैलाच्या पाठीवर क्विंटलभर मावतं, असं धरलं तर 50 हजार खेपा. पावसाळ्यात वाटा बंद, म्हणून उरलेल्या आठ महिन्यांत रोज दोनशेवर बैल वेशीतून आत यायला हवेत. (शेणाचा हिशेब तूच कर.) पाणीही बघ; नानासाहेब पेशव्यांना पुण्यासाठी ते कात्रजहून आणावं लागलं होतं.

ड्रॅगन किती, ते नंतर ठरवू. तो रोज किती गुरं खातो, तेवढं मात्र आत्ताच लिहून ठेव.