हृदय उजवीकडे, यकृत डावीकडे: हा आजार आहे का आणि आता काय तपासायचं?

तुमचा प्रश्न असा: नोकरीआधीच्या वैद्यकीय तपासणीत एक्स-रेवर हृदय उजवीकडे दिसलं, मग सोनोग्राफीत यकृत डावीकडे आणि प्लीहा उजवीकडे निघाली. आजवर त्रास काहीच नाही. मग हा आजार आहे का आणि पुढे काय करायचं?

छाती आणि पोट, दोन्हीतले अवयव असे पूर्ण उलट बाजूला असतील तर त्याला साइटस इन्व्हर्सस टोटॅलिस म्हणतात. साधारण 8 ते 10 हजारांत एखाद्याला ते असतं. नुसती उलटी मांडणी हा आजार नाही. सगळ्याच अवयवांची बाजू एकदम बदललेली असते, त्यामुळे त्यांची एकमेकांशी जोडणी बरोबर राहते आणि रक्त जिथे जायचं तिथेच जातं. तुम्हाला आजवर काही जाणवलं नाही, ते यामुळेच.

मात्र 'पूर्ण उलट' ही खात्री आधी करून घ्या. हृदय तेवढं उजवीकडे आणि पोटातले अवयव नेहमीच्या जागी, किंवा पोट उलटं आणि हृदय डावीकडे, अशी अर्धवट मांडणी असेल तर हृदयात जन्मजात दोष असण्याची शक्यता खूप जास्त असते. काहींमध्ये प्लीहाच नसते, किंवा एका प्लीहेऐवजी लहान लहान अनेक असतात. प्लीहा नसेल तर न्यूमोकॉकससारख्या जिवाणूंचा संसर्ग झपाट्याने जिवावर बेतू शकतो, म्हणून त्या लसी आवर्जून घ्याव्या लागतात. तुमची प्लीहा सोनोग्राफीत दिसली आहे, ही चांगली गोष्ट. राहिला टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. पूर्ण उलट्या मांडणीतही थोड्या लोकांच्या हृदयात दोष सापडतो, त्यामुळे तो एकदा करायलाच हवा.

आता ज्या भागाकडे सर्वात जास्त दुर्लक्ष होतं, तो. गर्भाच्या अगदी सुरुवातीच्या आठवड्यांत एका छोट्या खड्ड्यात सूक्ष्म केसांसारखे तंतू गोल फिरतात आणि द्रवाचा प्रवाह डावीकडे ढकलतात. डावं कुठलं, उजवं कुठलं, हे त्यातून ठरतं. उंदरांच्या गर्भात हा प्रवाह 1998 साली दाखवला गेला. तंतू हललेच नाहीत तर बाजू नाणं उडवल्यासारखी ठरते. तशाच जातीचे तंतू पुढे आयुष्यभर नाक, सायनस आणि श्वासनलिकांमधला कफ बाहेर ढकलत असतात. त्यांच्या जन्मजात बिघाडाला प्रायमरी सिलिअरी डिस्किनेशिया म्हणतात. तुमच्यासारखी मांडणी असलेल्या सुमारे 20 ते 25 टक्के लोकांमध्ये तो असतो. त्यातच सायनसचा जुनाट त्रास आणि रुंदावलेल्या श्वासनलिका असतील तर ते कार्टाजेनर सिंड्रोम.

म्हणून 'त्रास नाही' हे उत्तर जरा नीट तपासून पाहा. लहानपणापासून बारा महिने ओला, कफाचा खोकला? नाक कायम वाहतं किंवा चोंदलेलं? कानात पाणी साचून कमी ऐकू येणं? पूर्ण दिवसांचे असूनही जन्मल्या जन्मल्या ऑक्सिजन लावावा लागला होता का, हे आईला विचारा. सवयीचा झालेला खोकला माणसं त्रासात धरत नाहीत. यातलं काही जुळत असेल तर श्वसनविकारतज्ज्ञांकडे जा. नाकातल्या नायट्रिक ऑक्साइडचं मोजमाप (या आजारात ते बहुधा खूप कमी येतं), जनुकीय चाचणी आणि नाकाच्या आतल्या पेशींची इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहणी, यांवरून निदान होतं. आजार समूळ जात नाही, पण रोज कफ काढण्याचे व्यायाम आणि संसर्गावर वेळीच उपचार यांनी फुप्फुसं वाचवता येतात. शुक्राणूंच्या शेपटीचीही रचना अशीच असल्याने पुरुषांना मूल होण्यात अडचण येऊ शकते.

दुसरा धोका समोरच्याला माहीत नसण्याचा. अपेंडिक्सची कळ बेंबीपाशी सुरू होऊन डावीकडे खाली सरकते, मग डॉक्टर भलतंच शोधत बसतात आणि तेवढ्यात अपेंडिक्स फुटतं. गोंधळ वाढवणारी बाब म्हणजे काहींना दुखतं मात्र उजवीकडेच. पित्ताशय डाव्या बरगडीखाली असतं. हृदयविकाराची कळ उजव्या हातात जाऊ शकते.

ईसीजी नेहमीसारखा काढला तर पहिल्या लीडमध्ये (लीड म्हणजे हृदयाची एका ठरावीक बाजूने घेतलेली नोंद) सगळ्या लहरी उलट्या येतात आणि छातीच्या लीडमध्ये आर लहर, म्हणजे वर जाणारं टोक, पुढे पुढे वाढण्याऐवजी घटत जाते. मशीन त्याला हातांच्या वायरी चुकल्या म्हणतं, किंवा जुना हार्ट अटॅक. वायरी खरंच चुकल्या असतील तर छातीचे लीड नेहमीसारखे येतात, फरक तिथे कळतो. तुमचा ईसीजी काढताना हातांच्या वायरी अदलाबदल करून छातीचे इलेक्ट्रोड उजव्या बाजूला आरशातल्यासारखे लावायला सांगा. एक-दोन प्रती जपून ठेवा. एक्स-रे काढणाऱ्यालाही आधी सांगा, नाहीतर प्रतिमा उलटी आली असं समजून ती 'सुलट' केली जाते.

डिफिब्रिलेटरचे, म्हणजे हृदयाला विजेचा झटका देणाऱ्या यंत्राचे, पॅडही आरशातल्यासारखे, म्हणजे एक डाव्या कॉलरबोनखाली आणि दुसरा उजव्या कुशीवर. छाती दाबण्याची जागा बदलत नाही, मधलं हाडच. शस्त्रक्रिया ठरली तर सर्जनइतकंच भूलतज्ज्ञांनाही सांगा. दुर्बिणीतून पित्ताशय काढताना सर्जनची उभं राहायची बाजू आणि छिद्रांच्या जागा बदलतात, उजव्या हाताने काम करणाऱ्याला हे अवघड जातं. गरोदर स्त्रीला एरवी डाव्या कुशीवर कलतं करतात, इथे मोठी शीर डावीकडे असल्याने उजव्या कुशीवर करावं लागतं.

पाकिटात कार्ड ठेवा: 'साइटस इन्व्हर्सस टोटॅलिस. हृदय उजवीकडे, यकृत, पित्ताशय आणि अपेंडिक्स डावीकडे.' फोन लॉक असतानाही दिसणाऱ्या वैद्यकीय माहितीत हेच लिहा. घरच्यांनाही तोंडपाठ असू द्या.

आणि भावंडांचीही चौकशी करा. तंतूंच्या आजारात जवळजवळ निम्म्या लोकांचे अवयव नेहमीच्या जागीच असतात. त्यामुळे एक्स-रे सरळ आला तरी भावाला किंवा बहिणीला लहानपणापासूनचा ओला खोकला असेल, तर तपासणी त्यांचीही व्हायला हवी.