स्वप्नात मिठाई, पेस्ट्री दिसली तर इस्लामी परंपरेत अर्थ काय?

बहुतेक वेळा शुभच. ताबीरच्या, म्हणजे स्वप्नांचा अर्थ लावण्याच्या परंपरेत गोड पदार्थ म्हणजे हलाल (धर्मानुसार वैध) कमाई, आजारातून उतार, आनंदाची बातमी. पेस्ट्रीसाठी वेगळा नियम लावायची गरज नाही. पेस्ट्रीसारखाच गोड पदार्थ असलेले सारण भरलेले कताइफ बगदादच्या जुन्या स्वयंपाकातही होतेच.

मला सर्वांत भावतो तो ‘बुखारी’ आणि ‘मुस्लिम’ या दोन्ही हदीस-संग्रहांतला हदीस, म्हणजे पैगंबरांच्या उक्ती-कृतींची परंपरेने आलेली नोंद. एकाला स्वप्नात ढगातून तूप आणि मध ठिबकताना दिसला. लोक ओंजळी धरत होते, कुणाला जास्त मिळालं, कुणाला कमी. पैगंबरांचे निकटचे सहकारी हजरत अबू बक्र यांनी अर्थ लावला: ढग म्हणजे इस्लाम, ठिबकणारा गोडवा म्हणजे कुरआन. पैगंबर म्हणाले, काही बरोबर, काही चूक. अबू बक्र यांचाही अर्थ पूर्ण बरोबर नव्हता, तर मोबाइलवरच्या स्वप्नांच्या अर्थांच्या यादीवर कशाला विसंबायचं?

तुम्ही प्रश्नासोबत लिहिलंय की रमजानात मोमिनपुऱ्यात मालपुवा खाऊन आलात आणि त्याच रात्री मिठाई दिसली. हदीसमध्ये स्वप्नांचे तीन प्रकार आहेत: अल्लाहकडून शुभवार्ता, सैतानाकडून भीती आणि मनातलेच विचार. तुमचं मला तिसऱ्यातलं वाटतं. तरी मन प्रसन्न झालं असेल तर अल्लाहचे आभार माना आणि जिवाभावाच्या माणसालाच सांगा.