सेकंडहँड बाईकचा घूं-घूं आवाज: टायर, शॉकअप की बेअरिंग?

तुम्ही लिहिलंय की बाईक घेऊन महिना झाला, चाळीसच्या पुढे गेलं की पुढून घूं-घूं आवाज येतो, स्पीडब्रेकरवर टक् वाजतं आणि मेकॅनिक म्हणतो जुनी गाडी आहे, आवाज येणारच. या शेवटच्या वाक्यासाठी लिहायला बसलोय. गाडी जुनी आहे म्हणून आवाज येत नाही, काहीतरी झिजलंय किंवा सैल झालंय म्हणून येतो.

माझी पण सेकंडहँडच होती आणि असाच आवाज, स्पीडबरोबर वाढायचा. दादाने एक राऊंड मारला आणि सांगून टाकलं, टायर कडक झालाय, बदल. टायरवरचा चार आकडी कोड खरंच जुना होता (2317 असेल तर 2017 चा 23 वा आठवडा), म्हणून मीही ऐकलं. नवा टायर टाकला, आवाज तसाच. मग म्हणे शॉकअप गेलेत, तर फोर्कचं (म्हणजे पुढच्या शॉकअपच्या दोन नळ्यांचं) ऑइल आणि सील बदलून झालं, तरी तेच. त्यानंतर मी काही बोललो की दादा म्हणायचा तुला भास होतोय. हे मला फार लागलं. रोज चालवत मी होतो, हँडलमधून येणारी ती बारीक थरथर माझ्या हाताला कळत होती.

शेवटी एका रविवारी गाडी डबल स्टँडवर लावली, इंजिनखाली ओंडका देऊन पुढचं चाक उचललं, एका हाताने चाक जोरात फिरवलं आणि दुसरा हात फोर्कच्या खालच्या नळीवर ठेवला. आत वाळू दळतायत असं हाताला लागलं. एक्सल (चाकाच्या मधला दांडा) काढून चाकाच्या बेअरिंगमध्ये बोट घालून फिरवलं तर कच... कच... अडकत फिरतंय, आणि बोटाला तांबूस गंजाळलेलं ग्रीस. सील फाटून पाणी आत गेलेलं. दोन्ही बेअरिंग बदलली आणि आवाज गेला. दादा आजही म्हणतो टायरमुळेच फरक पडला. नाही पडला.

म्हणून सांगतो, आधी एकही पार्ट विकत घेऊ नका. मोकळ्या रस्त्यावर त्याच स्पीडला क्लच दाबून गाडी सोडा, आवाज राहिला तर तो इंजिनचा नाही. डांबरावरून सिमेंटच्या रस्त्यावर गेल्यावर सूर बदलला तर टायर, अजिबात नाही बदलला तर बेअरिंगवर संशय घ्या. टायरवर तळहात एकदा पुढे एकदा मागे फिरवून बघा, एकाच दिशेने करवतीसारखं टोचलं तर झीज वाकडी आहे, आणि ती बऱ्याचदा हवा कमी ठेवल्याने किंवा शॉकअप मेल्याने होते, तिथे नुसता टायर बदलून काही होत नाही.

टक् आवाजाचं कारण वेगळं असू शकतं. पुढचा ब्रेक घट्ट धरून गाडी पुढे-मागे हलवा आणि कोनसेटपाशी (हँडल जिथे वळतं तिथल्या बेअरिंगपाशी) बोट ठेवा, तिथे प्ले म्हणजे ढिलेपणा लागला तर तो टाईट करून घ्या, माझ्या गाडीला हा त्रास नव्हता त्यामुळे जास्त सांगत नाही. आणि हो, ड्रम ब्रेक असेल तर शू घासूनही चाक खरखरतं, आधी ब्रेक सैल करून बघा. उचललेलं चाक वर-खाली धरून हलवल्यावर खडखडलं तर मात्र ती गाडी दुरुस्त होईपर्यंत चालवूच नका, आणि मेकॅनिक परत तेच वाक्य बोलला तर चाक फिरवा आणि त्याचा हात फोर्कवर ठेवायला लावा.