पैसे पोचले, पोच कुठाय?

प्रश्न: ताई नमस्कार. मी गुहागर तालुक्यातला, पोस्टातून रिटायर झालेला माणूस. १९८० ला लागलो, २०२० ला सुटलो, म्हणजे चाळीस वर्षं लोकांचे पैसे लोकांच्या घरी पोचवले. पत्र लांबलंय, कापलंत तरी चालेल, फक्त बायकोबद्दल लिहिलंय तेवढं ठेवा.

जुलै २०२१ ला चिपळूणला पूर आला तेव्हा बहिणीच्या घरात माळ्यापर्यंत पाणी होतं, दोन दिवस तिचा फोन लागत नव्हता. तो लागला आणि त्याच दिवशी मी एका मोठ्या संस्थेला ५००० रुपये ऑनलाइन पाठवले. संस्था बाहेरची, नाव छापू नका. काम केलं असेल त्यांनी, मी नाही म्हणत नाही. पण पाच हजारांचं नक्की काय झालं ते एका ओळीने कोणी कळवलं नाही आणि फोन मात्र तेव्हापासून चालू आहेत. दुपारी जेवून जरा आडवं झालं की फोन. दरवेळी नवीन मुलगा, दरवेळी हिंदीत, दरवेळी "आजच्या आज". कधी शाळा, कधी ऑपरेशन, कधी म्हातारी माणसं. चिपळूणबद्दल विचारलं तर त्याला चिपळूण कुठे आहे तेच माहीत नाही. एकदा बोलता बोलता महिना ५०० चं काहीतरी चालू करून घेतलं माझ्याकडून, ते आता थांबवता येत नाही म्हणतात. मग दुसऱ्याच दोन संस्थांचे फोन सुरू झाले ज्यांना मी जन्मात नंबर दिलेला नाही.

बायको २०२३ ला गेली. ती असताना तिच्या नावाने एकदा हजार रुपये दिले होते. अजून तिच्या नावाने कॅलेंडर येतं आणि वाढदिवसाला मेसेज येतो की आपणांस उदंड आयुष्य लाभो. तीनदा फोन करून सांगितलं. "ओके सर, नोट केलं."

आमच्या वेळी मनीऑर्डरच्या फॉर्मला एक तुकडा असायचा. पैसे घेणाऱ्याने सही नाहीतर अंगठा केला की तो पाठवणाऱ्याकडे परत जायचा, पोच म्हणून. परळच्या चाळीत बसलेल्या माणसाला कळायचं की आईच्या हातात पैसे पडले. मला एवढंच हवंय हो. आणि टॅक्समधले निम्मे पैसे परत मिळतात म्हणाले होते, मला तर दमडी मिळाली नाही. देणंच बंद करू का?
– एक वाचक, ता. गुहागर

उत्तर: काका, नमस्कार. पत्र जवळजवळ सगळं ठेवलंय, कापायला हात धजला नाही.

आधी कबुली देते, मी रत्नागिरीत एका ट्रस्टचे हिशेब बरीच वर्षं लिहिलेत, तेव्हा तुम्ही ज्यांच्यावर चिडलाय त्यांच्यातलीच मी एक. फोन नाही केले कधी, पण पत्रं लिहिली आहेत, "तातडीची मदत" असं लाल अक्षरात छापलेली, आणि ती तातडी मार्च महिन्यातच जास्त यायची कारण ३१ मार्चला लोक टॅक्ससाठी पावत्या शोधत असतात.

तुम्हाला फोन करणारा मुलगा बहुतेक वेळा संस्थेचा नसतोच. मोठ्या संस्था हे काम एजन्सीला देतात, एजन्सी पोरांना बसवते, त्यांना रोजचं टार्गेट असतं आणि समोर स्क्रीनवर तुमचं नाव, मागची रक्कम आणि काय बोलायचं ते लिहिलेलं असतं. चिपळूण त्या स्क्रीनवर नसतं. नवीन देणगीदार मिळवायला जाहिरातीचा आणि फोनचा खर्च इतका होतो की पहिल्या देणगीत तो कित्येकदा भरूनही येत नाही, म्हणून एकदा सापडलेल्या माणसाला सोडायचं नाही आणि जमलं तर महिन्याच्या हप्त्यावर आणायचं असा सगळा हिशोब असतो. हिशोब म्हणून तो बरोबर आहे. फक्त त्यात तुम्ही पाच हजार दिलेला माणूस राहत नाही, पुढचे पाच हजार देऊ शकणारा नंबर बनता. आणि जो आभाराचा फोन शेवटी "तर मग सर यावेळी किती लिहू" वर येतो त्याला आभार कोण म्हणेल?

आता महिन्याच्या ५०० चं. थांबवता येत नाही हे साफ खोटं, त्याला संस्थेची परवानगी लागतच नाही. ज्या यूपीआय अ‍ॅपवरून चालू केलं त्यात ऑटोपे किंवा मॅन्डेट असं सापडेल, तिथे जाऊन तुम्हीच रद्द करायचं. अ‍ॅपमध्ये दिसलं नाही तर ते बँक खात्यावर लावलेलं असणार, मग पासबुक घेऊन बँकेत जा आणि ई-मॅन्डेट, म्हणजे दरमहा आपोआप पैसे कापायची परवानगी, रद्द करायचा अर्ज द्या. भाच्याला बसवा बरोबर, दहा मिनिटांचं काम आहे.

फोन बंद करायचे तर फोनवरच्या मुलाला सांगून उपयोग नाही, त्याच्याकडे "नोट केलं" असं म्हणायचं बटण फक्त तोंडात असतं. संस्थेच्या नोंदणीकृत पत्त्यावर स्पीड पोस्टाने पत्र टाका, हे तुम्हाला मी काय सांगायचं. माझा नंबर फोनच्या यादीतून काढा, इतर कोणाला देऊ नका, दिला असेल तर कोणाला ते कळवा, आणि वर्षातून एकदा पोस्टाने हिशोब पाठवा, एवढंच लिहा. १९०९ ला फोन करून डीएनडी, म्हणजे नको असलेले फोन अडवायची सोय, पण लावून घ्या, त्याने सगळे थांबणार नाहीत कारण हे लोक साध्या दहा आकडी नंबरवरून करतात, पण तक्रार त्याच १९०९ वर नोंदवता येते.

काकूंच्या नावाचं पत्र मात्र वेगळं लिहा. वेगळ्या कागदावर, विश्वस्तांच्या नावाने, बाकी कुठलीही तक्रार त्यात नको. मी यादी सांभाळायचे तेव्हा आमच्याकडे पण असं एक पत्र आलं होतं, एका देवरुखच्या बाईंचं, नवरा जाऊन चार वर्षं झाली होती आणि आम्ही दर गुढीपाडव्याला त्यांना शुभेच्छा पाठवत होतो. यादीतून एक ओळ पुसायला अर्धा मिनिट लागतो. त्या दिवशी बसून मी सगळी यादी फोन करकरून तपासली, अकरा माणसं गेलेली निघाली.

टॅक्सचं ऐका. "निम्मे परत मिळतात" ही फोनवरची ठरलेली थाप आहे, म्हणजे अर्धवट खरं. आयकराच्या ८०-जी कलमाखाली बहुतेक ट्रस्टना दिलेल्या देणगीच्या निम्मी रक्कम तुमच्या उत्पन्नातून वजा होते, टॅक्समधून नाही. तुमच्या ५००० चे २५०० वजा झाले, तुम्ही वीस टक्क्यांत असाल तर ५०० रुपये आणि सेस धरून ५२० वाचले. निम्मे कुठे आणि ५२० कुठे! ते पण जुनी करप्रणाली घेतली असेल तर. नवीन प्रणालीत ८०-जी नाहीच, आणि २०२३-२४ पासून आपण काही निवडलं नाही तर नवीनच धरली जाते, कित्येक पेन्शनर त्यात आहेत आणि त्यांना पत्ताच नाही. शिवाय नुसती पावती पुरत नाही, संस्थेने तुमच्या पॅनसकट देणगीची माहिती टॅक्स खात्याकडे भरावी लागते आणि तिथून निघालेलं टेन-बीई नावाचं सर्टिफिकेट तुम्हाला द्यावं लागतं. पॅनचा एक आकडा चुकला की तुमचं पुण्य दुसऱ्याच्या नावावर. रोख २००० च्या वर दिलेत तर सवलत शून्य, मग पावती कितीही छान छापलेली असो.

एका गोष्टीत मात्र मी तुमच्याशी जरा भांडणार आहे. तुमच्या पत्रात मी कापली अशी एकच ओळ होती, "माझा एक पैसा पण पगारावर जाता कामा नये". काका, मनीऑर्डरला कमिशन किती होतं? शंभराला पाच रुपये. परळहून आईच्या हातात पैसे पोचायला पोस्टमन चढण चढून वाडीवर यायचा, त्याला पगार होता, त्याची सायकल होती, आणि त्या पाच रुपयांबद्दल कोणी पोस्टाला चोर म्हटलं नाही. आपण सगळ्यांनी मिळून संस्थांना इतकं घाबरवून ठेवलंय की त्या पगार लपवतात, हिशोब लिहायला माणूस ठेवत नाहीत, मग पोच कोण पाठवणार? आणि फोनवाल्या एजन्सीचं बिल मात्र "जनजागृती" खाली घालतात. परदेशी पैशाला तरी कायद्याने मर्यादा आहे, २०२० च्या दुरुस्तीनंतर प्रशासनावर वीस टक्क्यांपेक्षा जास्त नाही, आधी पन्नास होती. इथल्या देणग्यांना त्या कायद्याची मर्यादा लागत नाही, तेव्हा विचारायचं आपणच. खर्च किती असं न विचारता कशावर असं विचारा. महाराष्ट्रात नोंदलेला ट्रस्ट असेल तर त्याचे ऑडिट झालेले हिशेब धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसात जातातच, म्हणजे ते तयार असतात, तुम्हाला द्यायला कोणाची हरकत नसावी. ताळेबंद मागितला की जी संस्था बाळाचा फोटो पाठवते तिच्याकडे परत जाऊ नका.

फोटोवरून आठवलं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ झालं तेव्हा आम्ही दापोलीकडे गेलो होतो, माडा-पोफळीच्या बागा झोपलेल्या, घरांवर पत्रा नाही. एका बाईंचा फोटो काढला, पडक्या पडवीत उभ्या, आणि त्या फोटोने आम्हाला त्या वर्षी भरपूर पैसे मिळवून दिले. पुढच्या वर्षी परत गेले तर त्या म्हणाल्या, "पत्रे मिळाले हो, बरं झालं, पण फाटक्या गाऊनवरचा तो फोटो माझ्या व्याह्यांनी बघितला." मला काही बोलता आलं नाही. तो फोटो आम्ही काढून टाकला, पण लोकांच्या फोनमधून कसा काढणार.

तर बंद करू का? नका करू, कमी ठिकाणी करा. चार संस्थांना हजार-हजार देण्यापेक्षा एकीला चार हजार, आणि शक्यतो एसटीने जाऊन बघून येता येईल अशा अंतरावर. चहा पाजतात की नाही ते महत्त्वाचं नाही, तुम्ही न सांगता गेलात तर काम चालू दिसतं का ते बघा. आणि एक बारीकशी गंमत, त्या मनीऑर्डरच्या पोचेच्या पाठोपाठ आईचं पत्र पण यायचं ना, की पैसे पावले, आता पावसाच्या आधी कौलं चाळायची आहेत? ते तुम्हीच वाचून आणि लिहून दिलं असेल कितीदा. मागणं तिथेही होतंच. पण आधी पोच, मग मागणं, आणि मागणारी कोण आहे ते माहीत होतं.

प्रश्न: मी राजापूर तालुक्यातल्या एका गावच्या वाचनालयाचा खजिनदार. आम्हाला मुंबईच्या चाकरमान्यांनी पुस्तकांसाठी पैसे दिले, दोन वर्षं झाली, आता मंडळाच्या मीटिंगमध्ये ओरडा चाललाय की तुम्ही काही कळवत नाही. मी एकटा, शेती आहे, पावत्या सगळ्या दिल्यात, आणखी काय करू? रिपोर्ट वगैरे मला जमणार नाही.
– खजिनदार

उत्तर: दादा, रिपोर्ट नकोच, तो कोणी वाचत पण नाही. वरच्या काकांचं पत्र वाचलंत ना, त्यांना फोनचा राग आहे, तुमच्या लोकांना गप्प बसण्याचा, आणि दोघांनाही हवंय तेच एक. पोस्टकार्डं आणा, जितके देणगीदार तितकी. प्रत्येकावर हाताने तीन ओळी: तुमचे इतके रुपये आले, त्यातून अमुक पुस्तकं घेतली, त्यातलं सगळ्यात जास्त कोणतं फिरलं. पुस्तक रजिस्टर तुमच्याकडे आहेच, बघून लिहायचं. पैसे शिल्लक असतील तर तेही लिहा, कपाटाला वाळवी लागली असेल तर तेही. खाली काहीही मागू नका, ह्या वेळी तरी. वाचनालयात येणारी आठवीची पोरं असतील तर पत्ते त्यांच्याकडून घालून घ्या, अक्षर तुमच्यापेक्षा बरं असेल. आणि गणपतीच्या आधी पंधरा दिवस टाका, म्हणजे मंडळी गावात आली की स्वतःहून वाचनालयात डोकावतील. तेव्हा कुलूप नसलं म्हणजे झालं.