उत्तर: कर्व्ह उचलला की फ्लेममध्ये दाणे काहून येतात?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एपोफिसिस या सॉफ्टवेअरमध्ये फ्लेम फ्रॅक्टल (सूत्रांतून उमटणारं ज्वाळेसारखं चित्र) रेंडर केला, म्हणजे गणितातून चित्र तयार करून घेतलं. मधला गाभा पांढराफटक झाला, कडेचे बारीक धागे काळ्यात बुडाले. धागे वर आणायला गिंप या फोटो एडिटरमध्ये कर्व्ह (कोणता उजेड किती करायचा ते ठरवणारी रेषा) उचलला, तर तिथे रव्यासारखे दाणे दिसायला लागले आणि केशरी रंग फिका पडला. वरून नागपूरच्या इतवारीत कॅनव्हासवर छापलं तर सगळंच काळवंडलं. आता कर्व्हमध्ये नेमके कोणते आकडे टाकू, असं तुम्ही विचारलंय.

आकडे देतो, पण थोडं थांबा. दाणे कर्व्हने आणलेले नाहीत, ते रेंडरमध्ये आधीपासून होते. कर्व्हने फक्त त्यांच्यावरची चादर ओढली.

फ्लेममध्ये एक बिंदू सूत्रांच्या तालावर उड्या मारत फिरतो आणि प्रत्येक पिक्सेलवर तो किती वेळा पडला याची मोजणी होते. गाभ्यातल्या पिक्सेलवर समजा १० लाख वेळा पडला आणि धाग्यावरच्या पिक्सेलवर जेमतेम १० वेळा. ही मोजणी जशीच्या तशी उजेड म्हणून दाखवली तर धागा कधी दिसणारच नाही. म्हणून स्कॉट ड्रेव्हज यांनी १९९२ मध्ये ही पद्धत काढली तेव्हा मोजणीचा लॉगरिदम घेतला, म्हणजे ती संख्या १० चा कितवा घात आहे ते. १० चा लॉग १, १० लाखांचा ६. एकास लाख होतं ते एकास सहावर आलं. म्हणजे तुम्ही हात लावायच्या आधीच चित्रावर एक कर्व्ह चढलेला असतो. त्यावर सॉफ्टवेअरचा गॅमा (मंद उजेड वर उचलणारी सेटिंग), तो दुसरा. गिंपमध्ये तुम्ही ओढलात तो तिसरा. तिघेही त्याच बिचाऱ्या अंधाऱ्या धाग्याला वर खेचत असतात.

गॅमाची ताकद बघा. शून्य ते एकच्या मापात ०.०१ इतका मंद उजेड घ्या. गॅमा २.२ असला तर तो ०.१२ होतो, गॅमा ४ असला तर थेट ०.३२. शून्याजवळ हा कर्व्ह जवळजवळ उभा चढतो, त्यामुळे तिथला क्षुल्लक फरकही डोळ्यात खुपतो. गॅमा थ्रेशोल्ड नावाचा आकडा याचसाठी असतो: त्या मर्यादेखाली कर्व्ह सरळ केला जातो, म्हणजे काळ्यातली धूळ वर येत नाही. बहुतेक लोक त्याला हातच लावत नाहीत. जरासा वाढवून बघा, पण जास्त वाढवला तर धुळीबरोबर धागेही जातील.

आता दाण्यांचा हिशोब. जिथे सरासरी १० वेळा बिंदू पडतो, तिथे शेजारशेजारच्या पिक्सेलमध्ये साधारण ३ चा चढउतार राहणारच, म्हणजे तीस टक्के. १० लाखांवर हा चढउतार हजारच्या आसपास, म्हणजे एक टक्क्याचा दहावा भाग. म्हणून गाभा लोण्यासारखा आणि धागा रव्यासारखा. यावर खरा इलाज क्वालिटी वाढवणे, म्हणजे दर पिक्सेलमागे बिंदूच्या उड्या वाढवणे, आणि तोही महागडा, कारण दाणे निम्मे करायचे तर उड्या चौपट लागतात. तुम्ही क्वालिटी ५० ठेवली आहे. २०० केली तर दाणे निम्मे, ८०० केली तर पाव. तुकड्यावर चाचणी घ्या, सगळं चित्र पुन्हा पुन्हा रेंडर करत बसू नका. आणि मोठं रेंडर रात्री लावा. मी एकदा मे महिन्यात भर दुपारी लावलं होतं. बाहेर पारा ४५ च्या वर, कूलरमध्ये पाणी संपलेलं, मशीन तापून इतकं मंदावलं की दोन तासांचं काम संध्याकाळपर्यंत चाललं. चूक माझीच.

सेव्ह करताना १६ बिटची सोय असेल तर तीच घ्या. केऑटिका या दुसऱ्या फ्लेम सॉफ्टवेअरमध्ये ती आहे. ८ बिटमध्ये प्रत्येक रंगाच्या फक्त २५६ पायऱ्या असतात. अंधाऱ्या भागात कर्व्हचा चढ चौपट केलात तर ०, १, २, ३ चे ०, ४, ८, १२ होतात, मधल्या पायऱ्या गायब. मऊ धुराच्या जागी पट्टे दिसतात ते यामुळे. १६ बिटमध्ये ६५,५३६ पायऱ्या असल्यामुळे ताण सहन होतो. गिंप २.१० पासून पुढचं असू द्या, त्याआधीचं ८ बिटच्या पलीकडे जात नव्हतं.

एवढं झाल्यावर कर्व्ह उघडा. डावीकडे काळं (०), उजवीकडे पांढरं (२५५), आणि रेषेचा चढ म्हणजे त्या भागातला कॉन्ट्रास्ट. ६४ वरचा बिंदू ९६ वर न्या. खालच्या भागाचा चढ दीडपट झाला. पण उरलेल्या ६४ ते २५५ ला आता ९६ ते २५५ एवढ्याच जागेत बसायचंय, म्हणजे तिथला चढ ०.८३ वर उतरला. धाग्याला दिलेला कॉन्ट्रास्ट गाभ्याच्या खिशातून गेला. तुमचा गाभा आधीच सपाट आहे, त्यात तो आणखी सपाट होणार. म्हणून आधी रेंडरमध्येच ब्राइटनेस उतरवून गाभा वाचवा. २५५ ला टेकून पांढरा झालेला भाग कोणताही कर्व्ह परत आणत नाही.

बिंदू दोन किंवा तीन, त्याहून जास्त नको. तुमच्या स्क्रीनशॉटमध्ये सात मोजले मी! मऊ कर्व्हमध्ये जवळजवळ बिंदू ठेवले की रेषा मध्येच खाली वाकते, आणि जिथे ती उतरते तिथे उजळ भाग अंधारा दिसतो. तुमच्या डाव्या कोपऱ्यातलं ते विचित्र करडं कडं त्याचंच. आणखी एक: कर्व्हच्या खिडकीत लिनियर आणि परसेप्च्युअल असं बटण असतं. माझे आकडे परसेप्च्युअलसाठी आहेत. लिनियरमध्ये पडद्यावरचा मधला करडा २१ टक्क्यांच्या आसपास येतो, तेव्हा हेच आकडे तिथे टाकलेत तर भलतंच दिसेल.

आता केशरी. तुमचा रंग लाल २५५, हिरवा १४०, निळा ४० असा धरू. वरचा कर्व्ह तिन्ही चॅनेलवर बसला की लाल २५५ च राहतो, हिरवा १५९ होतो, निळा ६०. झालं, नागपुरी संत्र्याची मोसंबी! उपाय सोपा आहे. लेयरची प्रत काढा, कर्व्ह त्या प्रतीवर लावा आणि तिचा मोड ल्युमिनन्स करा. उजेड तेवढा बदलेल, रंग खालच्या लेयरचा राहील. रेंडरमध्येही हीच भानगड व्हायब्रन्सी नावाच्या सेटिंगच्या रूपात असते. ती १ असली की गॅमा उजेडावर लागतो आणि रंग टिकतो, ० केली की प्रत्येक चॅनेलवर वेगळा लागतो आणि सगळं धुतल्यासारखं दिसतं. तुमच्याकडे ०.३ आहे, १ करून बघा, कदाचित प्रतीचा खटाटोपच वाचेल.

छपाईचं म्हणाल तर छापणाऱ्याला दोष देऊ नका. पडदा स्वतः उजेड टाकतो, कॅनव्हासला खोलीतल्या उजेडावर भागवावं लागतं. तुम्ही रात्री दिवा बंद करून, ब्राइटनेस पूर्ण ठेवून कर्व्ह ठरवला असणार. मीही हेच करायचो. आता पडद्याचा ब्राइटनेस निम्म्यावर आणतो आणि पांढरा कागद शेजारी धरून दोन्हींचा पांढरा जवळपास सारखा दिसतो का बघतो. मग चित्राचा धाग्यांचा तळहाताएवढा तुकडा घेऊन त्याच्या पाच प्रती एका ए४ पानावर मांडतो. ६४ च्या जागी ७२, ८०, ८८, ९६, १०४, आणि प्रत्येकीखाली आकडा. ज्या कॅनव्हासवर छापायचं त्याच्याच कतरणीवर हे पान काढून घ्या. दुकानाच्या ट्यूबलाइटखाली निवड करू नका. जिथे चित्र लागणार त्या भिंतीवर लावून दिवसा एकदा, दिवे लागल्यावर एकदा पाहा. माझ्या बैठकीत दिवसा ८० पुरेसा वाटला होता, रात्री ९६ शिवाय धागे दिसलेच नाहीत. शेवटी ८८ वर छापलं.

क्वालिटी २०० आणि व्हायब्रन्सी १ ठेवून डाव्या कोपऱ्याचा तुकडा पुन्हा रेंडर करा आणि कर्व्ह न लावता इथे टाका. दाणे तरीही दिसले तर फिल्टर रेडियसचं (रेंडर किती मऊ करायचा त्या आकड्याचं) बोलू.