विमान नको, आजोबांचा दाखला हवा

प्रश्न : बाई, मी प्राथमिक शाळेत शिकवते आणि कुमारांसाठी कादंबरी लिहिते आहे. मांडवीकाठचा गाव, दहावीतले चार मित्र, गोष्ट सांगणारा दीपू. अठराव्या प्रकरणात सावियो घरच्यांबरोबर कायमचा इंग्लंडला जातो. भाचीने वाचलं आणि म्हणाली, "हे मध्येच कुठून आलं?" म्हणून तिसऱ्या प्रकरणात सावियो दाबोळी विमानतळावरच्या विमानाकडे उदास होऊन बघतो असं घातलं. सांजावच्या, म्हणजे विहिरीत उड्या मारायच्या आपल्या गोव्यातल्या सणाच्या, प्रकरणाच्या शेवटी एक वाक्यही टाकलं : 'तेव्हा आम्हाला कुठे ठाऊक होतं, की हा चौघांचा शेवटचा सांजाव!' आता सगळे म्हणतात, आधीच कळलं. चाहूल द्यावी तरी किती?
– एक वाचक, डिचोली

उत्तर : विमान आधी काढा. पंधरा वर्षांचा पोरगा उदास होऊन आभाळाकडे बघायला लागला की वाचणारी पोरं लगेच ओळखतात, हा जाणार किंवा मरणार. ती आपल्यापेक्षा जास्त सिनेमे बघतात.

किती द्यावी हा प्रश्नच नाही. द्यायची ती उघड द्या, फक्त तिचा अर्थ दुसराच लागला पाहिजे. माझंच सांगते. फोंड्याला शिकवत होते तेव्हा नववीतली एक मुलगी जून संपला तरी वह्यांना कव्हरं घालीना. मी दोनदा वर्गात उभं केलं, आळशी म्हटलं. ऑगस्टमध्ये तिचे वडील शाळा सोडल्याचा दाखला न्यायला आले. घर हलणार हे तिला मे महिन्यापासून माहीत होतं. खूण रोज माझ्या टेबलावर तपासायला येत होती, पण 'आळस' हे कारण माझ्याजवळ तयार होतं, म्हणून पुढे पाहिलंच नाही.

भवभूतीने हेच केलंय. 'उत्तररामचरिता'च्या पहिल्या अंकात सीता रामाच्या हातावर डोकं ठेवून झोपलेली आहे. राम म्हणतो, हिचं काय प्रिय नाही, असह्य असेल तो फक्त हिचा विरह. तेवढ्यात प्रतिहारी, म्हणजे दारावरची सेविका, येऊन सांगते, "आला आहे, महाराज." विरह नव्हे हो, दुर्मुख नावाचा हेर. पण तो सीतेबद्दलचा लोकापवाद घेऊनच आलेला असतो. बोलणं एका गोष्टीबद्दल आणि लागू पडतं पुढच्या दुसऱ्याच गोष्टीला, आपल्या नाट्यशास्त्रात याला पताकास्थानक म्हणतात. मला त्यातली प्रतिहारी आवडते. ती अपशकुन करायला आलेली नाही, दारावरचं आपलं काम करते आहे.

तुमच्या कादंबरीत अशी प्रतिहारी कोण? माझ्या मते सावियोचे आजोबा. 19 डिसेंबर 1961 च्या, म्हणजे गोवा पोर्तुगिजांकडून मुक्त झाला त्याच्या, आधी गोव्यात जन्मलेल्यांना, त्यांच्या मुलांना आणि नातवंडांना पोर्तुगालमध्ये जन्माची नोंद करून तिथलं नागरिकत्व घेता येतं, हे तुम्हाला माहीत आहेच. त्यासाठी घराघरांत जुने जन्मदाखले शोधले जातात आणि नावं जुळत नाहीत. दाखल्यावर 'जुझे कायतानो दा पिएदाद फर्नांडिस', रेशनकार्डावर नुसता 'कायतान फर्नांडिस'. दुसऱ्या प्रकरणात पोरं सावियोकडे क्रिकेटची बॅट आणायला जातात, तिथे हा कागद पलंगावर पडलेला असू दे. दीपूने ते नाव रेल्वेगाडीसारखं लांबवत वाचावं, सगळ्यांनी हसावं, सावियोनेही. आजीने ओरडावं, "हात लावू नका, परत पणजीला खेप पडेल!" आणि लगेच बॅटीवरून भांडण. परिच्छेद कागदावर संपवू नका, भांडणावर संपवा. वाचकाला वाटेल, हा विनोदाचा प्रसंग होता.

मग मध्ये एक-दोनच ठिकाणी, तेही दीपू आपल्याच काळजीत असताना. त्याला गणिताची शिकवणी नकोय, आणि सावियोने या वर्षी शिकवणी लावलीच नाही याचा त्याला फक्त हेवा वाटतो. माझ्या कव्हरांसारखंच हे. वस्तू वाटून टाकणारा सावियो मात्र नको, ते फार झालंय.

'तेव्हा आम्हाला कुठे ठाऊक होतं' हे वाक्य खोडा. दीपू पंधराचा आहे, ते वाक्य चाळिशीतल्या माणसाचं आहे. सांजाव विहिरीत उडी मारून, डोक्यावरचं कोपेल, तो फुलापानांचा मुकुट, पाण्यात सुटून, भिजल्या अंगाने फणस खात संपू दे. तो शेवटचा होता हे वाचणाऱ्याला अठराव्या प्रकरणात आपोआप आठवेल.

एक तपशील तपासा. 2020 संपल्यावर पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडमध्ये सहज जाऊन राहता येत नाही, ब्रेक्झिटने ती वाट बंद केली. तेव्हा एकतर गोष्ट त्याआधीची ठेवा, नाहीतर सावियोला लिस्बनला पाठवा. आधीची ठेवलीत तर विमानतळ दाबोळीच. मोपाच्या नव्या विमानतळावरून विमानं 2023 मध्ये सुरू झाली.

आणि भाचीसाठी शेवटी काही समजावून सांगू नका. अठराव्या प्रकरणात आजोबांचं ते लांबलचक नाव एकदाच येऊ दे, विमानतळावर, कागद तपासणाऱ्या माणसाच्या तोंडून, पूर्ण. या वेळी कुणी हसत नाही, एवढंच लिहा.