कोणासमोर खेळला, ते आधी विचार

प्रिय मित्रा,

एनबीए, म्हणजे अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग, तिचे संघ दरवर्षी ज्या ड्राफ्टमध्ये क्रमाने नवे खेळाडू निवडतात, त्यावरचा तुझा तक्ता आणि त्याखालची वैतागलेली ओळ, दोन्ही सावकाश वाचलं. 'एनबीए ड्राफ्टमध्ये परदेशी खेळाडूंना कमी लेखतात का? हो की नाही, एवढंच सांगा.' तक्त्यात निकोला योकिच आहे, २०१४ चा, ४१वा, पुढे लीगमधला सर्वोत्तम ठरलेला. त्याच्या वर डार्को मिलिचिच, २००३ चा, दुसरा, पुढे फसलेला. एक म्हणतो हो, दुसरा म्हणतो नाही, आणि सरासरी काढली की हाती काहीच लागत नाही. म्हणून तू हे काम सोडायला निघालास. काम सोडू नकोस. तो 'परदेशी' नावाचा रकाना मात्र आजच पुसून टाक.

त्या रकान्यात तू कोणाकोणाला कोंबलंयस बघ. जोएल एम्बीड कॅमेरूनचा खरा, पण खेळला कॅन्सस विद्यापीठाकडून. शे गिल्जस-अलेक्झांडर कॅनडाचा, खेळला केंटकीकडून. दोघंही पुढे एमव्हीपी, म्हणजे मोसमातले सर्वांत मोलाचे खेळाडू झाले, आणि दोघांनाही संघांनी अमेरिकेतच, अमेरिकन पोरांसमोर खेळताना पाहिलं होतं. त्यांच्या शेजारी तू माद्रिदमध्ये कसलेल्या व्यावसायिकांशी भिडणारा लुका डॉन्चिच बसवलास आणि ग्रीसच्या दुसऱ्या श्रेणीत खेळणारा यानिस अँटेटोकुंपोही. पासपोर्ट सोडला तर या चौघांत सारखं काय आहे? मुलगा कोणत्या वयात, कोणासमोर, किती मिनिटं खेळला, ते विचार. सगळ्यांना मी हेच सांगत आलोय आणि हात चालेल तोवर सांगणार आहे. कोणासमोर खेळला?

डॉन्चिचचंच घे. २०१७ मध्ये स्लोव्हेनियाने युरोबास्केट, म्हणजे युरोपीय देशांची अजिंक्यस्पर्धा जिंकली तेव्हा तो अठरा वर्षांचा, संघाचा एक मुख्य खेळाडू. मे २०१८ मध्ये बेलग्रेडला रेआल माद्रिदने फेनरबाचेला हरवून युरोपातल्या अव्वल क्लबांची युरोलीग जिंकली. मोसमाचा एमव्हीपी डॉन्चिच, शेवटच्या चार संघांच्या निर्णायक फेरीचाही एमव्हीपी डॉन्चिच, वय एकोणीस. एनबीएखालोखाल जगातली सगळ्यात कठीण लीग ती. पुढच्याच महिन्यात ड्राफ्ट झाला. फिनिक्सने एटनला घेतलं, सॅक्रामेंटोने बॅगलीला घेतलं, दोघं अमेरिकन कॉलेजांत खेळलेले. तिसऱ्या क्रमांकावर अटलांटाने डॉन्चिचला घेतलं आणि लगेच डॅलसला देऊन टाकलं, बदल्यात ट्रे यंग आणि पुढच्या वर्षीची एक पहिल्या फेरीतली निवड. आता नीट ऐक. फिनिक्सने नुकताच नेमलेला प्रशिक्षक होता इगोर कोकोशकोव, ज्याने स्लोव्हेनियाला ते युरोबास्केट जिंकून दिलं होतं. सॅक्रामेंटोचा कारभार व्लादे दिवात्सकडे होता, जो स्वतः सर्बियातून येऊन एनबीए गाजवून गेला. म्हणजे माहितीचा तुटवडा नव्हता. 'पाय जड आहेत, वेग नाही' ही कुजबुज तेव्हा सगळीकडे होती, आणि एका अख्ख्या मोसमाच्या पुराव्यावर ती भारी पडली. त्याला कोणी अगदी तळाला टाकलं नाही हे मान्य. पण ड्राफ्टमधलं पहिलं आणि तिसरं यांत संघाच्या दहा-पंधरा वर्षांच्या नशिबाचं अंतर पडू शकतं.

हे असं का होतं, त्याचं कारण फार साधं आहे आणि तुझ्या तक्त्यात त्याला जागाच नाही. युरोलीगची मॅच ४० मिनिटांची, एनबीएची ४८. युरोपात बऱ्याच क्लबांच्या डोक्यावर खालच्या श्रेणीत घसरण्याची टांगती तलवार, त्यामुळे प्रशिक्षक पोराच्या भवितव्यासाठी मॅच घालवत नाही. तो तिशीतल्या अनुभवी गार्डला खेळवतो. पोराला मिळतात बारा-पंधरा मिनिटं, तीही कोपऱ्यात उभं राहून. कॉलेजात त्याच वयाचा गुणी मुलगा तीस-पस्तीस मिनिटं खेळतो, बॉल त्याच्याच हातात, आणि समोर बहुतेक त्याच्याच वयाची मुलं. मग एकाच्या नावापुढे सहा गुण दिसतात, दुसऱ्याच्या नावापुढे अठरा, आणि लोक दोन्ही आकडे एका तागडीत तोलतात! डॉन्चिचची त्या युरोलीग मोसमातली सरासरी १६ गुणांची होती. एनबीएच्या पहिल्याच वर्षी ती २१च्या पुढे गेली. मला त्यात नवल वाटलं नाही. तुलाही वाटायला नको.

मी एका जागी खेळाडूंच्या पारखीची टिपणं लिहून देत असे, हे तुला माहीत आहे. एका मुलाबद्दलचं माझं टिपण शेरा मारून परत आलं होतं: 'मिनिटं कमी, उडी कमी.' मी तेच टिपण पुन्हा पाठवलं, फक्त प्रत्येक मिनिटासमोर तो कोणाला अडवत होता त्याचं नाव आणि वय घालून. मला हेकट ठरवलं आणि पुढचं काम दुसऱ्याकडे गेलं. त्याचं दुःख नाही. त्या खोलीत कोणी व्हिडिओ उघडला नाही, हे अजून सलतं. तुला हेकट म्हणाले तर म्हणू देत.

उडीचं खूळ गेलेलं नाही, हे सांगायला जुनी उदाहरणं कशाला? अल्पेरेन शेंगुन २०२०-२१ मध्ये, अठराव्या वर्षी, तुर्कस्तानच्या अव्वल लीगचा एमव्हीपी होता. अठराव्या वर्षी, मोठ्या माणसांच्या लीगमध्ये! ड्राफ्टमध्ये त्याचं नाव आलं १६वं. योकिचबद्दलही हेच म्हणत: मंद आहे, उडत नाही. त्याचं नाव पुकारलं तेव्हा टीव्हीवर जाहिरात चालू होती. त्यानंतर तो वर्षभर सर्बियातच राहिला आणि २०१५ मध्ये बाल्कन देशांच्या एड्रियाटिक लीगचा एमव्हीपी होऊनच त्याला निवडणाऱ्या डेन्व्हरला गेला. पुढचं तुला पाठ आहे.

आता डार्को. तू त्याला विरुद्ध बाजूचा पुरावा समजून बसलायस. तो माझ्याच बाजूचा आहे. डेट्रॉइटने त्याला दुसरा घेतला तेव्हा पुढे तारे ठरलेले अँथनी, बॉश, वेड तिघंही शिल्लक होते. आदल्या वर्षी डेन्व्हरने स्कितिश्विलीला पाचवा घेतला, जो इटलीतल्या त्रेव्हिसोच्या मोठ्या संघात जेमतेम खेळला होता. उंची बघितली, रिकाम्या जिममधलं नेमबाजीचं कसब बघितलं, आणि भाळले. कोणासमोर खेळला, हे विचारायचं राहिलं. शेंगुन खाली घसरला तेही याच चुकीमुळे, आणि डार्को वर चढला तेही याच चुकीमुळे. म्हणून तुझी सरासरी शून्यावर येते. दोन उलट दिशांच्या चुका तू एकत्र मिसळल्यास.

पुढे एमव्हीपी झालेल्या यानिसचं नाव घेऊन मला गप्प करू नकोस, बरेच जण करून पाहतात. त्याच्यासमोर दुसऱ्या श्रेणीतले खेळाडू होते, मग माझं सूत्र त्याला नाकारतं का? नाही. ते एवढंच म्हणतं की इथे पुरावा कमी आहे, स्वतः जाऊन बघा. मिलवॉकीने २०१३ मध्ये १५व्या क्रमांकावर तो धोका पत्करला, आणि हाती होती तेवढी माहिती धरली तर त्याला फार कमी लेखलं असं मी म्हणणार नाही. पुढे एनबीएचा तारा ठरलेला नोवित्स्कीही जर्मनीच्या दुसऱ्या श्रेणीतला. पण १९९८ च्या हूप समिटमध्ये, म्हणजे अमेरिका विरुद्ध बाकी जग अशा कुमारांच्या सामन्यात, त्याने अमेरिकेच्या निवडक मुलांसमोर ३३ गुण केले, आणि त्यानंतर तो नववा गेला. कोणासमोर, याचं उत्तर मिळालं की बाजारही जागा होतो.

फ्रान्सचे दोघं, वेम्बन्यामा २०२३ मध्ये पहिला, रिसाशे २०२४ मध्ये पहिला, मग कमी लेखणं संपलं की, असं तू विचारतोस. वेम्बन्यामा फ्रान्सच्या लीगचा एमव्हीपी होता आणि विलक्षण उंच होता, त्याला ओळखायला पारख लागत नव्हती. मी बोलतोय ते दहाव्या क्रमांकापासून खालच्या निवडींबद्दल.

तिथे मात्र सावध राहा, कारण तिथेच तू अर्जेंटिनाच्या, पुढे तारा ठरलेल्या जिनोबिलीची गोष्ट सांगून मोकळा होशील. १९९९ ला ५८ पैकी ५७वा, खरं आहे. पण तो अमेरिकेत आला २००२ मध्ये, मधल्या काळात इटलीतल्या बोलोन्यासाठी युरोलीग जिंकून. ड्राफ्टच्या दुसऱ्या, म्हणजे शेवटच्या फेरीत युरोपातला मुलगा निवडून तिकडेच ठेवला की संघातली जागा अडत नाही, पगार सुरू होत नाही, हक्क तेवढा राहतो. असा फुकटात राखलेला ५७वा क्रमांक म्हणजे त्या खेळाडूची पारख नव्हे. आणि अशाच क्रमांकांवर निवडले गेलेले कितीतरी जण एनबीएत कधी उतरलेच नाहीत. तुझ्या तक्त्यात ते कुठे आहेत? जे आले तेवढेच मोजलेस तर सगळेच स्वस्तात मिळाल्यासारखे दिसणार.

तेव्हा १९९९ पासूनची दुसरी फेरी पुन्हा मांड, न आलेल्यांसकट. प्रत्येकापुढे ड्राफ्टच्या दिवशीचं वय, लीग, दर मॅचची मिनिटं, आणि समोरच्या खेळाडूंचं साधारण वय. कॉलेजात खेळलेले वेगळ्या पानावर. अमेरिकन कॉलेजं आता खेळाडूंना उघडपणे पैसे देतात, त्यामुळे युरोपातली मुलं तिकडे निघालीत आणि ते पान जाड होत जाणार, तरी दोन्ही पानं एकत्र करू नकोस. निष्कर्ष मला इतक्यात नको. आधी पहिली पाच वर्षं भरून पाठव, शेंगुनच्या त्या मोसमातल्या कुठल्याही तीन मॅच पूर्ण बघ, आणि तो ज्यांच्या अंगावरून बास्केटखाली जातो त्यांची नावं मला लिहून कळव.

तुझा,
सर